काळे कपडे काळेच राहतील असा साबण कोणता?

तीळगूळ_घ्या

संक्रांत झाली. काळी साडी, काळे कुर्ते, बोरन्हाणाचं झबलं, सगळं धुण्याच्या टोपलीत येऊन पडलंय. दोन-तीन धुण्यांत यातलं निम्मं राखाडी होणार हे दिसतंच आहे, म्हणून यंदा पाण्यात टाकण्याआधीच विचारते.

मशीन टॉप लोड. पाणी अर्धं नगरपालिकेचं, अर्धं बोअरचं. सध्या साधी पावडर वापरात आहे. कपडे बहुतेक सुती, एखाददुसरा पॉलिस्टर.

पावडर बरी की लिक्विड? ज्या बाटलीवर 'डार्क' लिहिलेलं असतं तिच्यात खरंच काही वेगळं असतं, की फक्त बाटली काळी असते? आणि नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, यात तथ्य किती?

कंपन्यांच्या जाहिराती पाठ आहेत. कारणासकट सांगा.

बादलीबहाद्दर

काळे कपडे धुवूच नयेत. मळ दिसत नाही हाच तर त्यांचा फायदा.

रंगारी_बुवा

साबणाकडे जाण्याआधी एक गोष्ट करा. जुना, राखाडी पडलेला एखादा काळा कुर्ता उलटा करा. शिवणीत आत दुमडलेली जी पट्टी असते ती उसवल्यासारखी उघडा आणि बाहेरच्या कापडाला लावून खिडकीपाशी बघा. ती पट्टी बाहेरच्या कापडाइतक्याच वेळा धुतली गेली, तेवढाच साबण तिनेही खाल्ला. फक्त तिला ऊन लागलेलं नाही आणि घासपूस झालेली नाही.

पट्टी काळीभोर आणि बाहेरचं राखाडी असेल तर दोष उन्हाचा किंवा घासण्याचा. उन्हाचा असेल तर साबण कितीही महागाचा आणा, फरक पडणार नाही. पट्टी आणि बाहेरचं दोन्ही सारखंच उतरलं असेल आणि छटा तपकिरी किंवा हिरवटपणाकडे झुकत असेल, तर रंग खरोखर धुऊन गेलाय. दोन्हींवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी झाक असेल तर रंग जागेवरच आहे, त्याच्यावर काहीतरी बसलंय. बोअरच्या पाण्यात बहुधा हेच सापडतं.

चौथा प्रकार मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन दिसतो. कापडावर बारीक लव उभी राहिलेली असते. सुती धागा घासला गेला की त्यातले तंतू तुटून वर येतात. त्या लवेवर उजेड पसरतो आणि काळं कापड धुरकट दिसतं. रंग शाबूत असतो, डोळ्यांना तो पोचत नाही इतकंच. लोक याला 'रंग उडाला' म्हणतात.

म्हणजे तक्रार एक, कारणं चार, आणि साबण बदलून यातली जेमतेम अडीच सुटतात.

खडखडीत

अडीच कशी?

रंगारी_बुवा

पांढरी झाक पूर्ण सुटते. लव पूर्ण सुटते, ते कसं ते पुढे लिहितो. रंग धुऊन जाणं अर्धंच सुटतं, कारण उरलेलं अर्धं कापड रंगवलं तेव्हाच ठरून गेलेलं असतं. ऊन साबणाच्या हातात नाही.

आता ते 'अर्धं' म्हणजे काय. सुती कापडाला चांगल्यापैकी काळा रंग द्यायचा तर रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. तो धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, पण सगळा नाही. काही रंग पाण्याशीच संयोग करून निकामी होतो आणि धाग्यात नुसता अडकून राहतो. गिरणीत शेवटी जवळजवळ उकळत्या साबणाच्या पाण्यात कापड धुऊन हा मोकळा रंग काढायचा असतो. इथे पाणी आणि इंधन वाचवलं की तो तुमच्या बादलीत येतो. पहिल्या तीन-चार धुण्यांत निघणारा रंग तोच. तो जायचाच असतो, गेल्याने काळेपणा फारसा कमी होत नाही. पाचव्या-सहाव्या धुण्यातही पाणी शाईसारखं होत असेल तर रंगाईच कच्ची.

स्वस्त काळ्या सुती कापडात आणि काळ्या जीन्समध्ये बऱ्याचदा सल्फर ब्लॅक असतो. साध्या धुण्याला तो बरा टिकतो, पण ब्लीचपुढे शरण. निळी जीन्स तर इंडिगोची. तो धाग्याच्या गाभ्यात शिरतच नाही, साल रंगवल्यासारखा वरवर बसतो. घासला की निघणार.

सोनचाफा

मिठाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. घरोघरी नवा सुती कपडा मूठभर मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवतात, कोणी सोबत तुरटीही फिरवतं. पाणी स्वच्छ राहतं. म्हणजे उपयोग होतोच ना?

रंगारी_बुवा

ताई, पाणी स्वच्छ राहतं हे खरं आहे. गंमत तिथेच आहे. मीठ रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं. रंगवताना भांड्यात किलोने मीठ घालतात ते याच कामासाठी. म्हणून मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटतो. पण मीठ त्याला तिथे बांधून ठेवत नाही. पुढचं धुणं साध्या पाण्यात झालं की राहिलेला रंग निघतो. रात्रभर मिठात ठेवलेला आणि न ठेवलेला असे एकाच कापडाचे दोन तुकडे चार वेळा धुऊन शेजारी ठेवा, वेगळे ओळखू येणार नाहीत.

तुरटीचं काम वनस्पतींपासून काढलेल्या रंगांवर, मंजिष्ठ, हळद वगैरे. तिथे ती रंग आणि धागा यांच्यामधला दुवा होते, आणि तीही रंगवण्याआधी लावायची असते. दुकानातल्या रेडिमेड काळ्या कुर्त्यावर तिचा काही संबंध नाही.

सोनचाफा

बरं. पण मिठाने नुकसान तर नाही ना?

रंगारी_बुवा

कापडाचं नाही. मिठाचं.

बादलीबहाद्दर

:D :D

पाणक्या

तीळगूळ ताई, तुमच्या वर्णनात मला एकच शब्द दिसला, 'बोअर'. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी सहज या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं. साध्या पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. पाण्यातला कॅल्शियम आणि हा सोडा एकत्र आले की बारीक खडू तयार होतो आणि धाग्यांत बसतो. पांढऱ्या कपड्यावर तो दिसत नाही, काळ्यावर दिसतो.

ओळखायचं असं. पांढुरका भाग साध्या पाण्याने चोळा. गेला तर ती न विरघळलेली पावडर. नाही गेला तर व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस दोन मिनिटं दाबून ठेवा. तिथे काळं उघडं पडलं तर तो खडू.

खडू बसलेला कपडा परत आणायचा असेल तर ५ लिटर पाण्यात सपाट चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, १५ मिनिटं बुडवा, दोनदा साध्या पाण्यातून काढा. पुढे दर धुण्याला हे करू नका, मशीनच्या रबराला रोज आंबट चालत नाही. महिन्यातून एकदा पुरे. आणि आंबट काहीही ब्लीचच्या पाण्यात चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

पावडरच वापरायची असेल तर मग्यात कोमट पाणी घेऊन ती आधी पूर्ण विरघळवा, तळाशी गाळ राहिला तर तो टाकून द्या, मग मशीनमध्ये ओता. ड्रममध्ये कोरड्या कपड्यांवर भुरभुरायची नाही.

पिको_फॉल

वरच्या आंबटाच्या सल्ल्याला दोन अपवाद मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पहिला, जरीचा काठ. खोट्या जरीत तांबं असतं, आंबटाने ती काळवंडते. काठाला जर असलेली साडी लिंबूसत्त्वाच्या जवळ न्यायची नाही.

दुसरा, हाताने छापलेलं काळं. कलमकारी, अजरख, बगरू यांतला पारंपरिक काळा हा गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून केलेल्या पाण्याचा असतो. ते लोखंड हिरड्यातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळं होतं. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की काळा विरघळून खाली पिवळट तपकिरी डाग राहतो, आणि तो भरून येत नाही. अशा कापडाला थंड पाणी, सौम्य लिक्विड, दोन मिनिटांत खळबळून बाहेर.

खडखडीत

वडीबद्दल कोणी काही लिहिणार आहे का? अजून निम्म्या घरांत धुणं दगडावर आणि वडीनेच होतं.

पिको_फॉल

काळ्याला वडी नकोच. डिटर्जंटच्या वडीला घट्टपणा यावा म्हणून तिच्यात चुनखडीची पूड, चिनी माती असं भरताड घालतात. कॉलरवर वडी ओढली की पांढरा पट्टा उमटतो, तो रंग गेल्याचा नसतो, ती माती असते. नीट खळबळलं नाही तर वाळल्यावर पुन्हा दिसतो. वर ब्रश मारला की बुवांनी सांगितलेली लव तयार. कॉलर आणि मनगटाला लिक्विडचे तीन-चार थेंब बोटाने लावून दहा मिनिटं ठेवा, घासायची गरज पडत नाही.

इसार_काठची

जर्मनीतून लिहिते. इथे दुकानात एकाच कंपनीच्या दोन पेट्या शेजारी असतात. 'फोल' म्हणजे सर्वांसाठीचं, त्यात ब्लीच आणि ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते पांढऱ्यासाठी. 'कलर' मध्ये ही दोन्ही नसतात आणि सुटलेला रंग पाण्यातच धरून ठेवणारं एक पॉलिमर घातलेलं असतं. काळ्यासाठी वेगळी बाटलीही मिळते, पेरवोलची काळी इथे घरोघरी दिसते. युरोपीय संघाच्या २००४ च्या ६४८ क्रमांकाच्या नियमानुसार ब्राइटनर आणि एन्झाइम कितीही कमी असले तरी वेष्टणावर लिहावेच लागतात, त्यामुळे पाठ फिरवून वाचलं की कळतं.

भारतात सुट्टीवर आलं की हीच अडचण होते. पाकिटावर लिंबू, गुलाब, पांढराशुभ्र शर्ट सगळं असतं, आत काय आहे त्याची पूर्ण यादी सापडेलच असं नाही.

तीळगूळ_घ्या

ब्राइटनर म्हणजे नीळ का?

इसार_काठची

नाही. नीळ हा निळा रंग. पिवळटपणावर निळी छटा चढवून कापड पांढरं भासवते. ब्राइटनरला स्वतःचा रंग नसतो. तो न दिसणारे अतिनील किरण शोषतो आणि निळसर उजेड बाहेर टाकतो. आधीच्या पिढीला टिनोपाल माहीत असेल, तेच हे. सुती धाग्याला तो रंगासारखाच चिकटतो आणि दर धुण्याला थर वाढत जातो. म्हणून काळ्यावर नको.

रंगारी_बुवा

इथे थोडा असहमत. गर्द काळ्यावर ब्राइटनरचा परिणाम सांगतात तेवढा दिसत नाही, कारण काळा रंग स्वतःच बरेचसे अतिनील किरण खाऊन टाकतो. खरं नुकसान होतं खाकी, मेंदी, मोतिया, फिक्या गुलाबीचं. त्यांची छटाच बदलते. काळ्यावर ब्राइटनरपेक्षा वाईट म्हणजे ब्लीच आणि सोडा. अर्थात टाळता येत असेल तर टाळा, काळ्या कपड्याला पांढरं चमकवणाऱ्या द्रव्याचे पैसे कशाला द्यायचे?

पाणक्या

बुवा, उतरत्या काळ्यावर मात्र फरक पडतो. एकदा काळा फिका झाला की शोषायला रंग कमी, ब्राइटनर तेवढाच, मग उन्हात निळसर राख दिसते.

रंगारी_बुवा

मान्य.

नोटा_मोजणारा

यादी छापलेली नसली तरी ब्राइटनर घरी पकडता येतो. दुकानदाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तसा हातातला टॉर्च शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. खऱ्या नोटेचा कागद त्याखाली मंद दिसतो, आकडे आणि बारीक तंतू चमकतात. तत्त्व तेच.

कोऱ्या मांजरपाटाची वीतभर पट्टी घ्या. कोराच हवा, धुतलेला नको, पांढरा शर्ट तर अजिबात नको, तो आधीच ब्राइटनर पिऊन बसलेला असतो. आधी साध्या पाण्यात उकळून खळ काढा. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा साबण घालून पट्टीचं एक टोक त्यात १५ मिनिटं बुडवा, दुसरं कोरडं राहू द्या. भिजलेलं टोक तीनदा खळबळा, सावलीत वाळवा. मग दिवे बंद करून टॉर्च मारा. कोरडं टोक मळकट पिवळसर राहतं. साबणात ब्राइटनर असेल तर भिजवलेलं टोक निळंपांढरं पेटल्यासारखं दिसतं, आणि मधे रेघ मारल्यासारखी सीमा दिसते. सीमा दिसली नाही तर त्या साबणात ब्राइटनर नाही.

कागदावर थेंब टाकून बघू नका. साध्या छपाईच्या कागदातही ब्राइटनर असतो, सगळंच चमकेल.

बादलीबहाद्दर

नवीन छंद लागला. आता किराणा दुकानात टॉर्च घेऊन फिरणार.

खडखडीत

अवांतर: त्या टॉर्चने हॉटेलची चादर बघू नका. सुखी राहाल.

आगाऊ_आजोबा

इतकी रसायनं कशाला? रिठा आहे की. शालू, लोकर, दागिने सगळं रिठ्यावर निघायचं. काळ्याला त्याच्याइतकं सौम्य काही नाही.

पाणक्या

आजोबा, अर्धं बरोबर. रिठ्यात सोडा नाही, ब्लीच नाही, ब्राइटनर नाही, पाणी आंबटाकडे झुकलेलं, आणि कठीण पाण्यात साबणासारखी चिकट साय धरत नाही. रेशीम-लोकरीला उत्तमच. पण तेलकट डाग आणि घामाचा राप काढायची ताकद बेताची. रोजच्या सुती कुर्त्यावर मळ साचत जातो, तो वेगळा राखाडीपणा आणतो.

वापरायचाच तर ८-१० रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्री भिजवा, सकाळी १५ मिनिटं उकळा, कुस्करून फडक्यातून गाळा. बादलीला तेवढं पाणी पुरतं. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन-तीन दिवसांत आंबतं. मशीनमध्ये न गाळता ओतू नका, टरफलाचे कण जाळीत अडकतात.

पिको_फॉल

आणि रिठ्याचं पाणी तपकिरी असतं. काळ्याला चालतं, सोबत मोतिया ब्लाउज टाकू नका.

रंगारी_बुवा

लवेचं सांगायचं राहिलं होतं.

सेल्युलेज नावाचं एन्झाइम असतं. ते सुती तंतूच कुरतडतं, पण हळू, आणि आधी जे तुटून वर आलेत ते. म्हणजे न्हाव्याने मानेवरची बारीक लव काढावी तसं. लव गेली की खालचा काळा पुन्हा दिसतो. जपानच्या काओ कंपनीने १९८७ मध्ये 'अ‍ॅटॅक' नावाच्या पावडरीत ते घातलं, तेव्हापासून धुण्याच्या साबणात ते रुळलं. कपड्याच्या कारखान्यात 'बायोवॉश' म्हणतात तेही हेच. 'डार्क' बाटलीत वेगळं काय, या तुमच्या प्रश्नाचं चांगल्या बाटलीपुरतं उत्तर हे: ब्लीच नाही, सुटलेला रंग धरणारं पॉलिमर आहे, आणि सेल्युलेज आहे. वेष्टणावर 'सेल्युलेज' शब्द सापडला तर घ्या. नुसतं 'रंग जपणारं' लिहिलंय त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

एन्झाइमचा साबण असेल तर रात्रभर भिजत घालायचं नाही, अर्ध्या तासात काम होतं. त्यापुढे ते चांगल्या धाग्यालाही तोंड लावतं. रेयॉन, व्हिस्कोस, लिनन हीदेखील त्याच जातीची, त्यांना आणखी कमी वेळ. पॉलिस्टरवर काही परिणाम नाही.

रेशीम-लोकरीला सेल्युलेज काही करत नाही, पण त्याच बाटलीत बहुधा प्रोटिएज असतं, ते रक्त-दुधाचे डाग काढतं आणि रेशीमही खातं. म्हणून रेशमाला एन्झाइम नसलेलं, सोडा नसलेलं लोकरीचं लिक्विड. आपल्याकडे इझी वगैरे लोकरीसाठी म्हणून मिळतात ती.

सोनचाफा

माझ्या प्रश्नाचा मिठाइतकाच निकाल लावायचा असेल तर हाही घ्या. काळ्या टीशर्टच्या गळ्याशी तांबूस-नारिंगी ठिपके पडतात, बाकी शर्ट ठीक असतो. साबण बदलू का?

पिको_फॉल

साबण नाही, मुरमांची क्रीम बघा. बेन्झॉइल पेरॉक्साइड असलेली असेल तर ती ब्लीचच आहे. गळा, उशीचा अभ्रा, तोंड पुसायचा टॉवेल, सगळीकडे असेच ठिपके. क्रीम लावणाऱ्याला त्या वेळेपुरता पांढरा टीशर्ट द्या. ठिपके पायजम्याच्या खालच्या काठाला असतील तर संडास-बाथरूम धुण्याचं ब्लीच उडालंय. दोन्हींत रंग मेलेला असतो, धुऊन परत येत नाही.

पाणक्या

यातलंच तिसरं: सोसायटीची टाकी धुऊन टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली की त्या दिवशी नळाच्या पाण्याला वास येतो. त्या दिवशी काळं धुणं काढू नका. नेहमीच्या पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन अगदी थोडं असतं, त्याची धास्ती नको.

इसार_काठची

इथे रंग पकडणारे कागदी रुमालही मिळतात, मशीनमध्ये एक टाकायचा. सुटलेला रंग तो ओढून घेतो, बाहेर येतो तेव्हा राखाडी झालेला असतो. पण त्याने काळ्याचा रंग टिकत नाही, फक्त शेजारचा कपडा वाचतो. लोक इथेही गल्लत करतात.

तीळगूळ_घ्या

खूप माहिती आली, धन्यवाद. आता मशीनचं सांगा. टॉप लोडमध्ये किती माप, कोणता प्रोग्रॅम?

खळबळजनक

सात किलोचं टॉप लोड धरतो.

काळे कपडे वेगळे काढा, टॉवेल त्यात एकही नको. टॉवेलची पांढरी लव काळ्यावर बसली की सगळी मेहनत वाया. मशीनची लव धरणारी जाळी आधी साफ करा. कपडे उलटे करा, चेन आणि हूक लावून टाका. ड्रम अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरा. फार कमी भरला तर कपडे पंख्यावर आपटत राहतात, ठासून भरला तर साबण निघत नाही.

अर्ध्या भाराला लिक्विड ३० ते ३५ मिली. बोअरचं पाणी असेल तर ४५ पर्यंत. टोपणावर रेघा असतात, नसतील तर औषधाच्या बाटलीचं टोपण वापरा. 'जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ' हे काळ्यावर उलटं पडतं, न निघालेला साबण वाळून पांढरे ओघळ दिसतात. पाणी नळाचं थंड, २५ अंशांच्या आसपास असतंच. गरम पाण्याचा पर्याय बंद. प्रोग्रॅम 'जेंटल' किंवा 'डेलिकेट', खळबळणं एक जास्तीचं. पिळणं कमी वेळाचं ठेवा, करकचून पिळलेल्या घड्यांवरच रंग आधी उतरतो.

सॉफ्टनर घालायचा तर शेवटच्या पाण्यात, पातळ करून. साबणाच्या पाण्यात घातला तर दोघांचे विद्युतभार उलटे, ते एकमेकांना धरतात आणि चिकट गोळे कापडावर बसतात. थेट कपड्यावर ओतला तर काळ्यावर तेलकट डाग.

हाताने धुताना: १० लिटरच्या बादलीत १५ मिली, तीन-चार कपडे, १५ मिनिटं, दाबून-दाबून. आपटणं नाही.

वाळत घालताना उलटेच, सावलीत, चिमटा शिवणीला. इस्त्री उलट बाजूने, नाहीतर पॉलिस्टर चकाकतो.

रंगारी_बुवा

यात एकच भर. सल्फर ब्लॅकचा सुती कपडा पेटीत दमट-उबदार जागी वर्षभर दाबून ठेवला तर रंगातल्या गंधकापासून आम्ल तयार होतं आणि कापड घडीवर जिरून फाटतं. वर्षातून एकदाच बाहेर निघणारे संक्रांतीचे कपडे नेमके याच्यात सापडतात. पूर्ण वाळवून ठेवा, मधे एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, घडी बदला.

आगाऊ_आजोबा

चंद्रकळा घडीवर फाटते ती याने?

रंगारी_बुवा

सुती आणि सल्फरने रंगवलेली असेल तर हे एक कारण. रेशमाची असेल तर नाही.

खडखडीत

आणि ज्याचा रंग खरंच गेलाय, शिवणीची पट्टीसुद्धा तपकिरी, त्याचं काय?

पिको_फॉल

पुन्हा रंगवायचा. सुती रंगाची पुडी, गरम पाणी, आणि हो, भरपूर मीठ. सोनचाफा ताई, तुमच्या मिठाची जागा इथे.

सोनचाफा

अखेर न्याय मिळाला.

तीळगूळ_घ्या

टॉर्च आणला, मांजरपाट आणला. घरातली पावडर आणि नवी दोन लिक्विडं तपासली. पावडरीची पट्टी दिव्यासारखी पेटली. एका लिक्विडची थोडी कमी. दुसऱ्याची सीमारेषा दिसली नाही, त्याच्या वेष्टणावर एन्झाइमही लिहिलेत. सुती कुर्त्यांना ते, साडीला लोकरीचं. जुन्या कुर्त्याची शिवण उघडली तर पट्टीवरही तीच पांढुरकी झाक, व्हिनेगरने गेली. पाणक्या, तुमचा खडू.

आता झबलं राहिलं. हलव्याच्या दागिन्यांचे चिकट पांढरे ठिपके लागलेत त्यावर. त्याला या दोन्हींतलं कोणतं वापरू?

पाणक्या

कोणतंच नाही. तो साखरेचा पाक आहे. थंड पाण्यात अर्धा तास ठेवा.